जगभरातल्या लोकांचं शिकण्याचं नेटवर्क काढायचंय? मग दुसऱ्या मीटिंगचं आधी बघा

मला अधूनमधून मेसेज येत असतात, की ग्लोबल लर्निंग नेटवर्क सुरू करतोय, लोगो झाला, वेबसाइट झाली, डोमेन घेतलं, आता माणसं कुठून आणायची तेवढं सांगा. म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मी पण हेच केलं होतं म्हणून हक्कानं बोलतोय. पहिल्या वर्षी साठवलेले बरेचसे पैसे एका पोर्टलवर घातले, प्रोफाइल पेज, चर्चेचे विभाग, बॅजेस, सगळं होतं, आणि सात महिन्यांनी लॉगिनचा रिपोर्ट काढला तर त्यात निम्म्याच्या वर लॉगिन माझे आणि डेव्हलपरचे.

आधी हा धंदा काय आहे ते सरळ सांगतो, कारण कार्डावर फाउंडर, नेटवर्क डायरेक्टर, इकोसिस्टम बिल्डर असं काहीही छापलेलं असतं आणि घरच्यांना कळत नाही आपण करतो काय. वेगवेगळ्या देशांत एकाच प्रॉब्लेमवर अडकलेली माणसं शोधायची, एकाला जे कळलं ते दुसऱ्यापर्यंत वेळेत पोचेल अशी सोय लावायची, त्यातून नवीन काही उभं राहिलं तर त्याला हात द्यायचा, आणि या सोयीचे पैसे कुणीतरी देईल असं बघायचं. बास. बाकी सगळी सजावट.

आणि याची परीक्षा एकच, दुसऱ्या मीटिंगला किती जण आले. पहिल्या मीटिंगला लोक कशानंही येतात, ओळखीखातर येतात, उत्सुकता म्हणून येतात, नाही म्हणायला जड जातं म्हणून येतात. दुसऱ्यांदा येतात ते फक्त पहिल्यांदा काहीतरी हाताला लागलं म्हणून. मी आता कुणी आकडे सांगायला लागलं की एवढंच विचारतो, दुसऱ्यांदा किती आले?

आधी प्रॉब्लेम, तोही बारीक

"शिक्षणात इनोव्हेशन" हा प्रॉब्लेम नाही, तो बॅनर आहे. "पाचवीतलं मूल वाचताना अक्षरं जोडतं पण अर्थ लागत नाही, तेव्हा एकाच शिक्षकानं चाळीस मुलांत काय करायचं" हा प्रॉब्लेम. एवढा बारीक घेतला की लांबच्या देशातला माणूस पण म्हणतो, अरे हे तर माझंच आहे.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण प्रोजेक्ट एको. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा लिव्हरचे तज्ज्ञ. हेपटायटिस सी चे पेशंट राज्यभर पसरलेले, आणि त्यांच्या क्लिनिकची वेटिंग लिस्ट आठ महिन्यांपर्यंत गेलेली. आता हा माणूस दुसरं क्लिनिक काढू शकला असता, त्याऐवजी २००३ मध्ये त्यांनी आठवड्याला एक व्हिडिओ कॉल सुरू केला, गावातले साधे डॉक्टर आणि नर्स कॉलवर येऊन आपला खराखुरा पेशंट नाव न सांगता मांडायचे, तज्ज्ञ आणि बाकीचे गावचे डॉक्टर मिळून त्यावर बोलायचे, आणि उपचार तो गावचा डॉक्टरच करायचा. पुढच्या आठवड्यात परत तेच. २०११ मध्ये यावरचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के पेशंट बरे झाले होते आणि गावातल्या आणि तुरुंगांतल्या सेंटर्सवर ५८.२ टक्के. म्हणजे गावात जराही कमी नाही. नंतर तीच पद्धत किती आजारांना आणि किती देशांत गेली.

यात बघण्यासारखं हे आहे की सुरुवात व्हिजन डॉक्युमेंटनं झाली नाही, एका आजारानं झाली. आणि लोक दर आठवड्याला का यायचे? कारण दर आठवड्याला त्यांच्याकडे नवा पेशंट असायचा ज्याचं काय करायचं ते कळत नसायचं. तुमच्या नेटवर्कमध्ये "पेशंट" काय आहे ते शोधा. जो प्रश्न एकदा उत्तर मिळालं की संपतो त्यावर नेटवर्क होत नाही, त्यावर एक पीडीएफ होते.

पहिली बारा माणसं

पन्नास नको, दोनशे तर नकोच. बारा जणांत एकमेकांशी जोडणाऱ्या जोड्या ६६ होतात, पन्नास जणांत १२२५, आणि सुरुवातीला या जोड्या तुम्हालाच हातानं जुळवायच्या असतात, कोण कुणाला काय देऊ शकतो ते डोक्यात ठेवून. ६६ डोक्यात राहतात.

कोण घ्यायचे? इथे सगळे चुकतात, मित्रांना घेतात. मित्रांना तेच माहीत असतं जे तुम्हाला माहीत असतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या एका उपनगरात नोकरी बदललेल्यांना विचारलं होतं की ज्याच्याकडून नोकरी कळली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा. १९७३ च्या पेपरमध्ये आकडे आहेत, आठवड्यातून दोनदा तरी भेटणाऱ्यांकडून फक्त १६.७ टक्क्यांना कळलेली, बाकी सगळ्यांना कधीतरी भेटणाऱ्यांकडून किंवा वर्षातून जेमतेम एकदा दिसणाऱ्यांकडून. लांबची ओळख कामाला येते ती अशी. म्हणून बारातले तीनचार तरी असे घ्या ज्यांचं क्षेत्रच वेगळं आहे.

इनोव्हेशनवाल्यांकडे याचा एक मस्त किस्सा आहे. इनोसेंटिव्ह नावाचं नेटवर्क, २००१ मध्ये एली लिली या औषध कंपनीतून निघालेलं, कंपन्या आपले अडलेले प्रॉब्लेम टाकणार आणि जगातला कोणीही सोडवणार, जमलं तर बक्षीस. २००७ मध्ये तिथे अलास्कातल्या तेलगळतीचा प्रश्न आला, बार्जमध्ये, म्हणजे सपाट मालवाहू बोटीत, गोळा केलेलं तेल थंडीनं इतकं घट्ट व्हायचं की पंपानं ओढताच यायचं नाही. उत्तर दिलं जॉन डेव्हिस नावाच्या केमिस्टनं, ज्याचा तेलाच्या धंद्याशी काही संबंध नव्हता. त्यानं काँक्रीट ओतताना ते वाहतं राहावं म्हणून व्हायब्रेटर लावतात ते बघितलं होतं, तेच इथे लावा म्हणाला, २०,००० डॉलर मिळाले. बांधकामावरची गोष्ट तेलवाल्यांच्या मीटिंगमध्ये कुणाला सुचणार होती सांगा.

पण एक, परके घेताना दोन प्रकारची माणसं टाळा. एक ज्याला फक्त बोलायचंय. दुसरा ज्याचं नाव मोठं आहे आणि येणार त्याचा असिस्टंट.

पहिला कॉल कसा घ्यायचा

साठ मिनिटं, त्यापेक्षा एक मिनिट जास्त नाही. ओळखपरेडीत वीस मिनिटं घालवू नका, ओळखी आधीच एका शेअर्ड डॉक्युमेंटमध्ये लिहून घ्या, प्रत्येकाला तीन ओळी, मी काय करतो, कुठे अडकलोय, मला काय येतं जे दुसऱ्याला लागेल. कॉलवर फक्त दोन केसेस घ्यायच्या. एक जण पाच मिनिटांत आपलं अडलेलं सांगणार, पुढची दहा मिनिटं बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला बंद. हा नियम पाळायला फार जड जातो, अनुभवी माणसाला तर गुदमरल्यासारखं होतं, प्रश्नाच्या वेषात सल्ले यायला लागतात, "तुम्ही असं करून बघितलं नाही का?", तेव्हा हसत थांबवायचं. मग दहा मिनिटं सल्ला. प्रश्नांच्या त्या दहा मिनिटांतच बऱ्याचदा कळतं की मूळ अडचण वेगळीच आहे.

शेवटची पाच मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. प्रत्येकानं सांगायचं, मी कुणाला काय देणार आणि कधीपर्यंत. ते तिथल्या तिथे सगळ्यांना दिसेल असं टाइप करायचं. "करारपत्राचा नमुना, शुक्रवारपर्यंत" इतकं साधं. आणि चोवीस तासांच्या आत नोट्स सगळ्यांना गेल्या पाहिजेत, माझ्याकडून दोन दिवस उशीर झाला की तिसऱ्या दिवशी कुणी उघडत पण नाही.

यातूनच तुमचं खरं भांडवल तयार होतं. एक स्प्रेडशीट ठेवा, पाच कॉलम, कुणी दिलं, कुणाला दिलं, काय दिलं, तारीख, पुढे काय झालं. मी याला देवघेवीची वही म्हणतो. शेवटचा कॉलम भरायला तीन महिन्यांनी परत फोन करून विचारावं लागतं, कंटाळा येतो, पण पुढे पैसे मागायला गेलात की हीच वही दाखवायची असते, मेंबरची संख्या नाही.

वेळेचं लफडं. हे कुणी नीट सांगत नाही म्हणून जरा लांबून सांगतो. मीटिंगची वेळ कायम यूटीसीमध्ये, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेत, ठरवा आणि कॅलेंडर इन्व्हाइट पाठवा, म्हणजे ज्याला त्याला आपल्या वेळेत दिसतं. अमेरिका उन्हाळ्यासाठी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी, मधले दोनतीन आठवडे सगळी गणितं चुकतात. घड्याळ परत मागे घेताना उलटं, युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. आणि बरेच देश घड्याळाला हातच लावत नाहीत. मला हे माहीत नव्हतं, मी नुसतं "नेहमीच्या वेळी भेटू" असं लिहिलं, तीन माणसं एक तास आधी येऊन बसली, त्यातल्या एकाकडे पहाटेचे पाच, आणि तो परत कधी आलाच नाही. चूक माझी. तेव्हापासून मार्च आणि ऑक्टोबरमध्ये वेगळा मेसेज टाकतो.

अजून एक, वेळ फिरती ठेवा. दर वेळी एकाच खंडातल्या लोकांनी रात्री जागायचं असेल तर ते नेटवर्क ग्लोबल नाही, एका देशाचं आहे आणि बाकीचे पाहुणे आहेत.

भाषेचं पण तसंच. ज्यांचं इंग्रजी अस्खलित तेच बोलत राहतात आणि ज्याच्याकडे खरा अनुभव आहे तो चॅटमध्ये "थँक्यू" लिहून निघून जातो. प्रश्न आदल्या दिवशी लेखी पाठवा, उत्तर स्वतःच्या भाषेत लिहू द्या, भाषांतराची टूल्स आता बऱ्यापैकी काम चालवतात.

प्लॅटफॉर्म? एक चॅट ग्रुप, एक शेअर्ड फोल्डर, एक व्हिडिओ कॉलची लिंक. वर्षभर एवढ्यावर चालवा.

कोर्स काढू का, असं पण विचारतात

काढा, पण कोर्स म्हणजे नेटवर्क नाही. २०१२ मध्ये कोर्सेरा आणि एडएक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या साइट्स आल्या तेव्हा असं वातावरण होतं की आता विद्यापीठं बंद पडणार. मग हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरच्या कोर्सेसचा अभ्यास २०१९ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये आला, २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी ३.१३ टक्क्यांनीच कोर्स पूर्ण केला होता. नुसता टाइमपास म्हणून नाव टाकणारे त्यात होतेच, मान्य. पण व्हिडिओची टंचाई कधीच नव्हती, शिकताना सोबतीला कुणी असण्याची होती, आणि तुमचा धंदा या सोबतीवर चालणार आहे. पुढे एडएक्स २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरला टूयू कंपनीनं घेतलं आणि ती कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरी कोर्टात गेली, तर नुसत्या मोठ्या आकड्यांवर पण जाऊ नका.

दुसरं शहर, तिसरा देश

पहिला गट चालला की बाहेरून लोक विचारायला लागतात, आम्ही आमच्याकडे काढू का. इथे हरखून "हो" म्हणू नका, आधी एक पान लिहा. काय बदललेलं चालेल आणि काय नाही.

भाषणांच्या कॉन्फरन्स घेणाऱ्या टेडनं २००९ मध्ये टेडएक्स, म्हणजे कुणीही आपल्या गावात भरवायचे तसेच कार्यक्रम, काढलं तेव्हा लायसन्स फुकट दिलं पण नियम कडक ठेवले, भाषण १८ मिनिटांच्या आत, वक्त्याला मानधन नाही, नावात तुमच्या जागेचं नाव. फॅब लॅबचं वेगळं. एमआयटीतल्या नील गर्शेनफेल्ड यांच्या सेंटरमधून निघालेल्या या वर्कशॉप्सचं नेटवर्क एका छोट्याशा सनदेवर चालतं, सगळ्यांकडे साधारण सारखीच मशीन्स असतात, म्हणजे एका लॅबमध्ये बनवलेली वस्तू दुसऱ्या देशात तशीच बनवता येते. मला दुसरं जास्त पटतं, कारण त्यात लोक एकमेकांचं काम उचलू शकतात, टेडएक्समध्ये कार्यक्रम शेजारी शेजारी होतात पण एकाचं दुसऱ्याला काही देणंघेणं असेलच असं नाही. तुमचं नेटवर्क कार्यक्रमाचं असेल तर पहिलं, कामाचं असेल तर दुसरं.

कागदपत्रांत तीन गोष्टी लवकर करून टाका. नावाचा ट्रेडमार्क, शिक्षणाच्या सेवा ४१ व्या क्लासमध्ये येतात आणि माद्रिद पद्धतीनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय नोंदणीनं, एकाच अर्जात बरेच देश मागता येतात. दुसरं, जे मटेरियल तयार होईल त्याचं लायसन्स, आम्ही क्रिएटिव्ह कॉमन्सचं बाय-एसए लावतो, म्हणजे कुणीही वापरा, बदला, फक्त आमचं नाव द्या आणि तुमचं बदललेलं पण तसंच खुलं ठेवा. हे सुरुवातीलाच सांगितलं नाही तर दोन वर्षांनी कोणीतरी तुमच्या सगळ्यांच्या नोट्सचं, कुणाचंही नाव न देता, पेड ट्रेनिंग करून विकतो आणि मग ग्रुपवर जी काही भांडणं होतात ती विचारू नका. तिसरं, रेकॉर्डिंग आणि डेटा, युरोपातला एक जरी मेंबर असला तरी २०१८ पासून लागू झालेला जीडीपीआर, म्हणजे खासगी माहितीबद्दलचा तिथला कायदा, बघावा लागतो, संमती लेखी घ्या. खुलं बोलणं हवं असेल तर रेकॉर्डिंगच नको, लंडनच्या चॅथम हाउस या संस्थेचा नियम लावा, ऐकलेलं बाहेर वापरा पण कोण बोललं ते सांगू नका. तो १९२७ पासूनचा आहे आणि अजून कामाला येतो.

पैसे

आता मुद्द्यावर येतो. ज्याचा फायदा होतो तो आणि ज्याच्याकडे पैसे असतात तो, हे दोघं या धंद्यात क्वचितच एक असतात. शिक्षकाला फायदा, पैसे शाळेकडे. गावच्या डॉक्टरला फायदा, पैसे आरोग्य खात्याकडे. त्यामुळे मेंबरकडून फी घेऊन पोट भरेल हे डोक्यातून काढा, पण थोडी तरी फी ठेवा, फुकट असलं की लोक कॉल सहज चुकवतात. देशानुसार फी वेगळी ठेवायची असेल तर वर्ल्ड बँकेचे उत्पन्नाचे चार गट तयार आहेत, तेच वापरा, म्हणजे कुणाला किती कमी यावर वाद होत नाही.

कमाईचे रस्ते तसे ठरलेलेच, अनुदान, संस्थांची मेंबरशिप, कंपनीनं दिलेला चॅलेंज, ठरावीक आठवड्यांचा पेड प्रोग्रॅम, आणि दुसऱ्यांचं नेटवर्क चालवून देण्याची कंत्राटं. शेवटच्याला लोक नाकं मुरडतात पण माझं घर पहिली तीन वर्षं त्यावरच चाललं. अनुदान गोड असतं, पण एकाच देणाऱ्याकडून तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त येऊ देऊ नका. आमच्या एका फंडरनं दुसऱ्या वर्षी रिपोर्टचा फॉर्म बदलला आणि "किती लोकांपर्यंत पोचलात" एवढा एकच रकाना ठेवला, मग आम्ही पण वेडे, वेबिनार घ्यायला लागलो, पाचशे पाचशे माणसं, आकडे भारी दिसायला लागले आणि बारा जणांचे कॉल मागे पडले. मूळ बारातले पाच गेले. परत आणायला वर्ष लागलं, त्यातले तीनच आले.

आणि धीर धरावा लागतो. आज टेड सगळ्यांना माहीत आहे, पण १९८४ ची त्यांची पहिली कॉन्फरन्स तोट्यात गेली होती आणि दुसरी व्हायला १९९० उजाडलं.

नोकरी कधी सोडायची

घाई नको. सलमान खान, म्हणजे फुकट व्हिडिओंतून शिकवणाऱ्या खान अकॅडमीचे, २००४ मध्ये मामेबहिणीला, की चुलत म्हणा, इंग्रजीत सगळ्यांना कझिनच म्हणतात, फोनवर गणित शिकवायला लागले, आणि नोकरी सोडली २००९ मध्ये. मधली पाच वर्षं संध्याकाळची आणि रात्रीची.

माझं म्हणणं, आधी दोन वर्षं दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये काम करा, प्रोग्रॅम कोऑर्डिनेटर असं काहीतरी साधं पद घ्या. तिथे तुम्हाला बजेटचा कागद बघायला मिळतो, प्रपोजल लिहायला बसवतात, आणि कॉलवर भांडण झालं तर ते कसं निस्तरतात ते दुसऱ्याच्या खर्चानं शिकता येतं. त्याच काळात आपले बारा जण जमवा, महिन्याला एक कॉल. सहा कॉल झाले आणि दर वेळी आठनऊ जण परत आले, वहीत वीसेक नोंदी झाल्या आणि त्यातल्या चारपाचांच्या शेवटच्या कॉलममध्ये ठोस काही लिहिता आलं, की पैशाचं बोलायला लागा. आणि वर्षभराचा घरखर्च बाजूला असेल तेव्हा राजीनामा. परत येत नसतील तर प्रॉब्लेम बदला, माणसांना दोष देऊ नका.

लोकांना बोलावणारा पहिला मेसेज तीन ओळींचा ठेवा, मी अमुक ठिकाणी अडकलोय, तुम्ही यातून गेला आहात असं कळलं, अमुक तारखेला साठ मिनिटं अजून अकरा जणांबरोबर बसाल का. त्यात "नेटवर्क" आणि "इनोव्हेशन" हे शब्द नकोत, वाचणाऱ्याला लगेच वाटतं काहीतरी विकायला आलाय.

शेवटचं, हे मी फार उशिरा केलं. तिसऱ्या वर्षी मी आजारी पडलो, कॉल रद्द करावा म्हणून मेसेज टाइप करत होतो तर एका मेंबरनं आधीच लिहिलं होतं, मी घेते. झाला पण कॉल, केसेस झाल्या, वहीत नोंदी झाल्या, कुणाचं काही अडलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी मागच्या सगळ्या नोट्स कुणालाच उघडेनात, कारण फोल्डर माझ्या पर्सनल अकाउंटवर, डोमेन माझ्या कार्डावर आणि कॅलेंडर माझ्या नावावर. अंगात ताप असताना एकेकाला परमिशन देत बसलो. आता सगळं संस्थेच्या अकाउंटवर आहे, पासवर्ड तिघांकडे असतात, आणि दर तीन महिन्यांनी एक कॉल मी मुद्दाम चुकवतो.